घराला अजून एक हात

गुरुवार, दुपार
(घरात अजून ओल्या रंगाचा वास आहे. अक्षर गरगरलेलं दिसलं तर दोष त्याचा.)

तीर्थस्वरूप मामांस,

कंबर परवानगी देते तेवढा वाकून नमस्कार. मामींनाही नमस्कार सांगावा. त्यांच्या गुडघ्याची चौकशी हिने दोनदा करायला सांगितली आहे, म्हणून विचारतो: गुडघा कसा आहे? गुडघा कसा आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, ही आणि आई. तुमचं चित्रही खुशाल आहे, असं पुढे लिहिणार होतो. पण 'खुशाल' हा शब्द जपून वापरायची सवय नोकरीने लावली आहे. मी विमा कंपनीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितो हे तुम्हाला ठाऊकच आहे. घर जळालेल्या माणसाला 'आपल्या घरातील उष्णतेसंबंधीचे पत्र मिळाले' असं कळवणारा तो मीच. तेव्हा पुढे वाचताना भाषा कुठे फारच गुळगुळीत लागली, तर तिथे जरा थांबा. तिथेच काहीतरी जळालेलं असेल.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन घेताना तुम्ही कानातलं यंत्र काढून ठेवता आणि मग 'आवाज येत नाही' म्हणून माझ्यावरच ओरडता. शिवाय ही गोष्ट अशी आहे की ती तुम्ही बसून, पाणी जवळ ठेवून आणि मामी खोलीत असताना वाचलेली बरी. आणखी एक घाई अशी की कलादालनाच्या बाईंनी तुम्हाला निमंत्रणपत्रिका परस्पर टपालाने पाठवली आहे. ती आधी पोचली असेल तर तुम्ही आता जे काही बोलत असाल, ते मला इथे ऐकू येतंय. ती अजून पोचली नसेल तर मी जिंकलो.

मुळापासून सांगतो. मूळ म्हणजे, तुम्ही चित्र घेऊन आलात तो दिवस. नेहमीप्रमाणे तुम्ही पुढची घंटा न वाजवता बोळातून मागे वळलात आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. (पुढच्या दाराशी तुमचं काय वाकडं आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्या लग्नातसुद्धा तुम्ही आचाऱ्यांच्या बाजूने शिरलात, आमच्या सासऱ्यांनी तुमच्या हातात ताटांची चळत दिली आणि तुम्ही ती मुकाट्याने आत नेऊन ठेवलीत. नवऱ्या मुलाचा मामा कुठे गेला म्हणून बाहेर शोधाशोध चालली होती.) तर, मागचं दार अरुंद आणि चित्र रुंद. ते चौकटीत आडवं अडकलं. अलीकडे ही दूध तापवत उभी, पलीकडे तुम्ही, मध्ये बंगला. 'अहो मामा, पुढून आणा ना, पुढचं दार चांगलं दोन फळ्यांचं आहे,' असं ही कळवळून सांगत होती. तुम्ही 'होतंय, होतंय' म्हणत ढकलत होतात. दूध उतू गेलं, चौकटीचा टवका उडाला आणि आमच्या घरात कलेचा प्रवेश झाला.

खरं सांगायचं तर तुमच्या या कलेचंच आम्हाला आधी नवल वाटलं होतं. तुमचा उभा जन्म जमीन मोजणीच्या खात्यात गेला. साखळी, खुणेचे दगड, नकाशावरच्या केसाएवढ्या रेघा. दोन भावांच्या शेतातली हद्द तुम्ही अशी आखायचात की भाऊ पुढे जन्मभर भांडले तरी रेघेबद्दल कुणी ब्र काढत नसे. आणि निवृत्तीच्या दिवशी तुम्ही पट्टी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलीत आणि जाहीर केलंत की आता मरेपर्यंत एकही सरळ रेघ मारणार नाही. माणसं निवृत्त झाली की दाढी वाढवतात, बागेत फिरतात, मुलांच्या संसारात लक्ष घालतात. तुम्ही थेट दृक्प्रत्ययवादी, म्हणजे इंग्रजीतले इम्प्रेशनिस्ट, झालात. (हा शब्द मी एकदा ऑफिसात मोठ्याने म्हणून पाहिला, तर शिपायाने पळत येऊन पाण्याचा पेला दिला.)

आणि पहिलंच मोठं चित्र काढलंत ते कशाचं, तर गावाबाहेरच्या त्या बंगल्याचं. आजोबा ज्याच्या बागेचे माळी होते आणि ज्याच्या मागच्या दोन खोल्यांत तुम्ही नि आई लहानाचे मोठे झालात, तो. मालक हवापालटाला म्हणून कधीतरी यायचे, तेव्हा तुम्हा पोरांना मागेच थांबायची ताकीद असायची. आणि ते नसायचे तेव्हा बंगल्याला कुलूप. तुम्ही तळ्याच्या पलीकडच्या काठावर स्टूल टाकून चित्र काढलंत, कारण आताच्या रखवालदाराने तुम्हाला फाटकातून आत सोडलं नाही. (थोर चित्रांतली निम्मी अंतरं रखवालदारांनी ठरवलेली असणार, असा माझा अंदाज आहे.) चित्रात झाडं हिरवी, निळी आणि एका जागी चक्क गुलाबी. तळ्यात आभाळाचे तुकडे तरंगताहेत. मधोमध ऊन सांडल्यासारखा एक पांढरा-पिवळा ढीग, तो बंगला. खिडक्यांच्या जागी कुणीतरी बोटं पुसल्यासारखं काहीतरी आणि दाराच्या जागी एक जांभळट डाग. आईने तेव्हाच विचारलं होतं, 'दार कुठंय रे?' तुम्ही म्हणालात, 'आक्का, तो प्रकाश आहे.' आई म्हणाली, 'बरं.' तिच्या 'बरं'ची ओळख तुम्हाला माझ्याही आधीपासूनची आहे, म्हणून जास्त सांगत नाही.

जाताना तुम्ही बजावलंत, की हे चित्र लांबून पाहायचं. जवळून नुसते फराटे, लांबून बंगला. हे अगदी मान्य, पण लांब जायला आधी खोली लांब लागते. आमच्या बैठकीच्या खोलीत पाठ समोरच्या भिंतीला टेकली तरी फराट्यांचे फार तर ठिपके होतात. पुढचं दार सताड उघडून पायऱ्या उतरलं, की झाडं कळू लागतात. आणि थेट रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर उभं राहिलं, की लख्ख बंगला. म्हणजे चित्र आमचं आणि बंगला समोरच्यांचा. समोर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे, आणि त्यांची ती मागे कलंडणारी खुर्ची नेमकी आमच्या दारासमोरच्या खिडकीत. त्यामुळे तुमच्या चित्राला या शहरात पहिले रसिक लाभले ते सगळे तोंड उघडं ठेवून चित्र पाहणारे. डॉक्टरीणबाई सांगतात की, तळ्याकडे बघा म्हटलं की पेशंट शांत राहतो. त्यांनी चित्र विकत मागितलं नाही, मात्र आम्ही दार उघडं ठेवावं म्हणून हिला एक टूथब्रश भेट दिला.

आता आईचं. (इथून पुढे पाणी जवळ असू द्या.) आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे तिला सगळं जगच तुमच्या शैलीत दिसत होतं. मी दारातून आलो की तिला मी म्हणून एक उंच करडा फराटा दिसायचा, आणि माझ्या बाबतीत तिने तेवढ्यावर समाधान मानलं होतं. चित्र धूसर आहे हे तिला कधी पटलंच नाही. धूसर आपले डोळे आहेत अशी तिची समजूत. 'शस्त्रक्रिया झाली की बंगला नीट दिसेल,' असं ती येईल त्याला सांगायची, आणि केवळ त्या आशेवर, इतकी वर्षं टाळलेल्या शस्त्रक्रियेला ती तयार झाली. पट्टी निघाली. घरी आली. चपला न काढता चित्रासमोर जाऊन उभी राहिली. बघितलं. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, एक डोळा झाकून बघितलं. आणि मला म्हणाली, 'चल, रिक्षा बोलाव. त्या डॉक्टरने माझे डोळे बिघडवलेत.'

पुढचा प्रसंग मी दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरच्या भल्यासाठी थोडक्यात आटपतो. आईने त्याच्या भिंतीवरची सगळी अक्षरं वाचून दाखवली, सगळ्यांत खालची, छापखान्याच्या नावाचीसुद्धा. तो म्हणाला, आजी, नजर उत्तम आहे. आई म्हणाली, मग माझ्या भावाच्या चित्रातलं दार का दिसत नाही? त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की आजींना आणखी काही नसलेलं... म्हणजे असलेलं... दिसत नाही असं कधी होतं का? आईचे कान कधीही बिघडलेले नव्हते. परत येताना रिक्षात ती एकच वाक्य बोलली: 'म्हणजे डोळे ठीक आहेत. बाळनेच नाही काढलं.' तेव्हापासून ती चित्राकडे पाठ करून बसू लागली. तुमच्याशी फोनवर ती हवापाण्याचं बोलायची हे तुम्हाला जाणवलं असेल. (यंत्र कानात असतं तर.)

अशात आम्ही घराला रंग द्यायचं काढलं. तुमचं चित्र ज्यात लागणार त्या प्रदर्शनाची तारीख ठरली होती, कलादालनाच्या बाई चित्र बघायला आमच्याकडे येणार होत्या, आणि हिचं म्हणणं पडलं की एवढी बाई येणार आणि भिंतींना पोपडे! जिथे चित्रावरच पोपडे असतात तिथे भिंतीवरचे कोण बघतं, असं मी म्हणालो. त्यावर मला जे ऐकावं लागलं ते इथे देत नाही, कारण पत्र तुम्हाला आहे आणि पत्ता मामींच्या नावाचाही आहे.

रंगारी आले. त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो, कारण ते स्वतःला तसंच म्हणवून घेतात. गृहस्थ कामाला वाईट नाहीत, पण कामापेक्षा मतं जास्त. आमच्या खिडक्या चुकीच्या दिशेला आहेत, पंखा चुकीच्या उंचीवर आहे, आणि मी चुकीच्या नोकरीत आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तुमचं चित्र चादरीत गुंडाळताना ते बराच वेळ निरखत होते. 'कुणी केलंय?' मी म्हटलं, आमच्या मामांनी. 'पैसे पुरे दिले नव्हतेत का?' मी म्हटलं, का? तर म्हणाले, 'अस्तराच्या हातावरच सोडलंय.' त्यांच्या धंद्यात रंगाच्या थराला हात म्हणतात: पहिला हात, दुसरा हात, आणि गिऱ्हाईक नडलं तर तिसरा. हे तुम्ही लक्षात ठेवा. सगळी माती याच शब्दाने झाली.

शेवटच्या दिवशी भिंती झाल्या, चित्र पुन्हा खिळ्यावर चढलं, आणि फक्त पुढच्या दाराचा चॉकलेटी ऑइलपेंट तेवढा उरला होता. मी ऑफिसला निघालो. उस्तादांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, 'साहेब, सगळं बघून घ्या. कुठे कमी वाटतंय का?' आणि मामा, माझी जीभ. तुम्हीच लहानपणी म्हणायचात ना, की या पोराची जीभ याच्या आधी घरी पोचते. मी भिंतीकडे न बघता तुमच्या चित्राकडे बघितलं आणि म्हणालो, 'बाकी सगळं झकास. त्या घराला तेवढा अजून एक हात लागेल.' आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन निघून गेलो. दिवसभर ऑफिसात मी तो विनोद तिघांना सांगितला. तिघेही हसले नाहीत, आणि त्याचा अर्थ मी असा काढला की त्यांना कलेतलं कळत नाही.

ही दुपारी तिच्या बहिणीकडे गेली होती. घरात आई एकटी. आईला दुपारची झोप सोसत नाही, डोकं धरतं, असं ती मला कळायला लागल्यापासून सांगत आली आहे. त्या दिवशी मात्र तिला म्हणे खुर्चीतच गाढ झोप लागली. मी आलो तेव्हा उस्ताद निघून गेले होते, पुढचं दार चॉकलेटी चमकत होतं. आणि आत भिंतीवर, तुमच्या बंगल्याचंही दार चॉकलेटी चमकत होतं.

आता गुळगुळीत भाषेत सांगायचं तर, 'सदर चित्रातील प्रकाशाच्या स्वरूपात अंशतः बदल झाल्याचे निदर्शनास आले.' सरळ सांगायचं तर, तुमचा जांभळट प्रकाश गेला आणि तिथे दार आलं. साधंसुधं नव्हे; ओळंबा लावून, दोऱ्याने आखून, चारी कोपरे काटकोनात असलेलं दोन फळ्यांचं दार. वर कमान, खाली उंबरठा, आणि एका फळीवर पितळी कडी, तीही डावीकडे. एक फळी मिटलेली, दुसरी जराशी उघडी, आणि त्या फटीतून आतला पिवळा उजेड. त्या सगळ्या तरंगत्या, विरघळत्या, थरथरत्या चित्रात तेवढी एक गोष्ट सरकारी नोकरासारखी ताठ उभी होती. मी पायऱ्या उतरलो, रस्ता ओलांडला, पलीकडच्या फुटपाथवरून पाहिलं. लांबूनही दारच. समोरच्या खुर्चीत कलंडलेल्या गृहस्थांनी तोंडात नळी असताना माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

मी लगेच टर्पेंटाइन आणि मऊ फडकं घेऊन स्टुलावर चढलो. रंग ओलाच होता, निघाला असता. पण फडकं टेकवणार तोच मागून आवाज आला, 'हात लावून बघ.' आई इतक्या हळू बोलते तेव्हा मी अजूनही दहा वर्षांचा होतो. मी म्हटलं, अगं, हे मामांचं चित्र आहे, प्रदर्शनात जायचंय, त्यांचा प्रकाश गेला ना! ती म्हणाली, 'प्रकाश तळ्यात आहे, झाडात आहे, आभाळात आहे. दाराएवढा गेला तर आंधळं होत नाही कुणी.' मग स्टुलावरून मला खाली उतरवून ती खुर्ची घेऊन चित्रासमोर बसली, जवळ, अगदी फराट्यांच्या अंतरावर. म्हणाली, कडीसुद्धा बरोब्बर डावीकडे आहे. उस्तादांनी जन्मात तो बंगला पाहिलेला नाही. योगायोगाला काय म्हणावं! त्या दिवसापासून तिने खुर्ची फिरवलेली नाही. जेवते तिथेच, माझ्याशी बोलते तीही चित्राकडे बघत. मला काय, करडा फराटा म्हणून राहायची सवय आहेच.

आणि दुसऱ्याच दिवशी दालनाच्या बाई आल्या. गळ्यात दोन चष्मे, कानात मात्र एकच डूल. (दुसरा पडला असेल म्हणून हिने बिचारीने कोचाखाली वाकून शोधला.) चित्रातल्या दारासमोर येईल अशी मोठी फुलदाणी मी टेबलावर मांडून ठेवली होती. बाईंनी आल्या आल्या ती उचलून माझ्याच हातात दिली. मी ती पोटाशी धरून उभा. बाई चित्राजवळ गेल्या, मागे आल्या, पुन्हा जवळ गेल्या. मी मनात तुमची क्षमा मागून ठेवली. तोच त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, 'किती निर्दय!' मी म्हटलं, 'हो, झालंय खरं तसं.' त्या म्हणाल्या, 'सगळा अवकाश वितळतोय, आणि त्यात ही एकच रेषा, जी वितळायला नकार देते! हे साहेब आयुष्यभर जमिनी मोजत होते ना? मग हा त्या रेषेवर उगवलेला सूड आहे, की तिच्यापुढची शरणागती?' मी कंपनीच्या सवयीने उत्तरलो, 'दोन्ही शक्यता तपासून पाहत आहोत.' बाईंनी ते टिपून घेतलं.

मामा, आता तुम्हाला वाईट वाटेल ते एकदमच सांगून टाकतो. तुमचं चित्र त्याआधी फोटोत पाहून बाईंनी ते पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या बोळात लावायचं ठरवलं होतं. म्हणाल्या, असे वितळणारे बंगले दर महिन्याला चार येतात. निवृत्त माणसं दुसरं काही काढतच नाहीत. पण दार पाहिल्यावर त्यांनी तिथल्या तिथे फोन करून कुणाच्या तरी तीन मोठ्या मडक्यांना समोरच्या भिंतीवरून हलवलं आणि ती जागा तुम्हाला दिली. प्रदर्शनाचं तुम्ही सुचवलेलं 'प्रकाशाचे ठसे' हे नावही गेलं. आता नाव आहे 'किंचित उघडं'. निमंत्रणपत्रिकेवर चित्र नाही, नुसतं दार आहे, मोठं करून छापलेलं. इतकं मोठं की ब्रशचा एक केस चिकटलाय तोही दिसतो. (त्या केसाबद्दल बाईंनी आत दोन ओळी लिहिल्या आहेत. उस्तादांचा ब्रश जुना आहे, एवढंच त्याबद्दल मी सांगू शकतो.) ही म्हणाली, सांगून टाका खरं. मी तोंड उघडलं होतं. पण आई खुर्चीतून बाईंना म्हणाली, 'माझ्या भावाने काढलंय. लहानपणापासून हुशार आहे.' मग मी तोंड मिटलं, आणि फुलदाणी जागेवर ठेवली.

तर अशी एकंदर परिस्थिती आहे. झाल्या प्रकाराला नेमकं जबाबदार कोण हे सांगणं कठीण आहे (हे वाक्य मी रोज आठ वेळा लिहितो, पण आज पहिल्यांदाच मनापासून लिहिलं). उद्घाटनाच्या वेळी कुणी दाराबद्दल विचारलंच, तर तुम्ही काही बोलू नका. नुसते खिडकीबाहेर बघा आणि 'हं' म्हणा. कलावंताच्या 'हं'मध्ये काय काय असतं ते बाई लोकांना समजावून सांगतील, त्याची काळजी तुम्हाला नको. राग माझ्यावर काढा. तो पत्राने काढलात तर उत्तम, उत्तरं लिहिण्याचा मला सराव आहे.

मामींच्या गुडघ्याची तिसऱ्यांदा चौकशी करून आणि तुम्हा दोघांच्या पायांशी, म्हणजे त्यातल्या दुखऱ्या भागाला धक्का न लावता, हे पत्र ठेवून थांबतो.

तुमचा,
लांब जिभेचा भाचा

ता. क. – खरं तर मी हे पत्र एका विनंतीसाठी लिहायला घेतलं होतं आणि तीच राहून गेली. येताना रंगांची पेटी आणू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. प्रदर्शनाच्या आधी तुम्ही एकटेच चित्रासमोर उभे राहाल, आणि 'जरासा प्रकाश परत घालतो' म्हणून त्या दाराला फासाल. तुम्हाला तसा हक्क आहे, चित्र तुमचं आहे. पण आईने खुर्ची फिरवली की मग ती परत फिरवायला मला किती दिवस लागतील याचा अंदाज नाही. दार राहू द्या. टर्पेंटाइनची बाटली मी बोळात ओतून आलो आहे.

ता. क. २ – उस्तादांच्या हाती एक निमंत्रणपत्रिका लागली आहे. ती खिशात घालून ते गिऱ्हाइकांना विचारत फिरतात, 'साधा रंग देऊ, की प्रदर्शनातला?' ते उद्घाटनाला येणार म्हणताहेत. मी त्यांना सांगितलंय की या, पण शिडी आणू नका. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, गवतात, बारीक अक्षरात एक फोन नंबर आहे असा हिला संशय आहे. मी मुद्दाम चष्मा काढूनच बघतो. या अंतरावरून ते गवतच वाटतं.

ता. क. ३ – पाकीट चिकटवण्याआधी पत्र आईला वाचून दाखवलं. 'अजून एक हात'पाशी ती हसायला लागली ती थांबेना. आता म्हणते, मी सांगते तसंच लिही. लिहितो. खालच्या मजकुरात माझे फक्त स्वल्पविराम:

बाळ, या गाढवाला वाटतंय, याच्या विनोदाने दार झालं. याचे विनोद मी याच्या जन्मापासून ऐकतेय, त्यांनी आजवर साधी खिडकी उघडलेली नाही. दार मी काढून घेतलं. रंगारी डबा बंद करत होता, मी म्हटलं, उरलाय तर वाया कशाला घालवतोस, त्या घराला दार नाही बघ. भला माणूस, म्हणाला, आजी, कसं होतं सांगा. मी सांगितलं. कडी डावीकडे, तेही मीच सांगितलं. तो बंदच काढत होता. मी म्हटलं, बंद मी पुष्कळ पाहिलंय, तू उघडं काढ. तुझ्या प्रकाशाला मी नावं ठेवत नाही, छान आहे, तळं तर अगदी तसंच. पण तळ्यापलीकडे रखवालदाराने बसवलं म्हणून बसलास, ते ठीक. कागदावर तुला कोण अडवत होतं रे? दार पुसलंस तर तुझी मोठी बहीण अजून जिवंत आहे एवढं लक्षात ठेव. आणि आता त्या दालनात तुझं चित्र समोरच्या भिंतीवर लावणार आहेत म्हणे. तिथेही मागे सामान न्यायचा जिना असेल. तू जाशील तिथे तो आधी हुडकून काढशील, मला माहीत आहे. त्या दिवशी तो नको. मी पुढच्या पायऱ्यांवर खुर्ची टाकून बसणार आहे. पुढून ये.